वर्गाच्या ग्रुपवरचे गप्प प्रेक्षक

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या फोटोचा स्टिकर करायला मिनिटभरही लागत नाही. सहलीचा फोटो उघडायचा, त्यातला एक चेहरा निवडायचा, मागचं सगळं आपोआप गळून पडतं. वर एखादं टोपणनाव टाकलं की स्टिकर तयार. ज्याचा चेहरा त्याला कुणी विचारलेलं नसतं. सातवी-आठवीच्या वर्गाच्या ग्रुपवर तो एकदा पडला की ज्याला आवडेल तो आपल्या फोनमध्ये साठवून ठेवतो. पाठवणाऱ्याने घाबरून मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ केला, तरी साठवलेला स्टिकर तसाच राहतो आणि महिन्याभराने भलत्याच ग्रुपवर पुन्हा उगवतो.

वर्गात चिडवाचिडवी पूर्वीही होती. उंची, रंग, चष्मा, आडनाव, बोलण्यातला हेल, कशावरूनही. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी साध्या चेष्टेपासून छळ वेगळा काढण्यासाठी तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि दोन्ही बाजूंचं बळ असमान असणं. फोनने यातली दुसरी खूण पार बदलून टाकली. छळणाऱ्याने एकदाच पाठवायचं. पुन्हा पुन्हा पाठवण्याचं काम बाकीचा वर्ग करतो.

हा फोन पनवेलसारख्या ठिकाणी मुलांच्या हाती लवकर येण्याला एक सरळ कारण आहे. पनवेल हे मुंबईच्या हार्बर मार्गाचं शेवटचं स्टेशन. इथून सीएसएमटी गाठायला लोकलने सव्वा तासाहून जास्त लागतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथल्या कितीतरी घरांत आई-वडील दोघंही दिवेलागणीनंतरच परततात. मूल शाळेतून घरी पोचलं का, क्लासला गेलं का, एवढं कळावं म्हणून फोन दिला जातो. तो काळजीपोटी दिलेला असतो, लाडापोटी नव्हे. पण काळजीच्या त्या फोनवरच इन्स्टाग्रामही असतं. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींची किमान वयोमर्यादा १३ वर्षं. सहावी-सातवीतली मुलं साधारण ११ ते १३ वर्षांची. मग कुठे जन्मवर्ष खोटं टाकलेलं असतं, तर कुठे आईच्याच नंबरवर खातं उघडलेलं असतं.

नेमकं हेच वय सर्वांत हळवं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ईव्हा टेल्झर आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातल्या शाळांमधल्या सहावी-सातवीच्या १६९ मुलांच्या मेंदूचे स्कॅन तीन वर्षं घेतले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिवसातून १५ पेक्षा जास्त वेळा समाजमाध्यमं उघडून बघणाऱ्या मुलांचा मेंदू इतरांच्या पसंती-नापसंतीला वर्षागणिक अधिक संवेदनशील होत गेलेला दिसला. फोनमुळे मेंदू असा झाला, की मुळात तशी असलेली मुलंच फोन जास्त बघतात, हे या अभ्यासातून ठरत नाही. तरी बाराव्या वर्षी ‘लोक काय म्हणतील’मधले लोक म्हणजे स्वतःचा वर्ग असतो, हे मात्र लख्ख दिसतं.

वाळीत टाकल्याचं दुःखही खरंखुरं असतं. मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर यांनी २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या प्रयोगात माणसं स्कॅनरमध्ये पडल्यापडल्या पडद्यावर चेंडू झेलण्याचा खेळ खेळत होती. थोड्या वेळाने समोरचे दोन खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकणंच बंद करत. एवढ्यानेही मेंदूतला जो भाग अधिक सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही जोडला जातो. दोन्ही वेदना मेंदूत कितपत सारख्या, यावर पुढे बराच वाद झाला. पण ग्रुपमधून गुपचूप काढून टाकलेल्या मुलीला ‘एवढं काय त्यात?’ म्हणणाऱ्या मोठ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ मध्ये ४४ देश-प्रदेशांतल्या ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे १५ टक्के मुलांनी ऑनलाइन छळ सोसला होता आणि १२ टक्क्यांनी तो केल्याचं स्वतः सांगितलं होतं. उरलेली मुलं बरीच जास्त आहेत आणि सगळी चर्चा त्यांना वगळून चालते.

त्यांच्याबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा मोबाइलच्या जगातला नाही, मैदानावरचा आहे. कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं बघत उभी होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. वर्गाच्या ग्रुपवरही हीच मंडळी असतात. मैदानावर निदान त्यांचे चेहरे दिसतात. ग्रुपवर असते फक्त शांतता, आणि ज्याचा स्टिकर झालाय तो तिचा अर्थ एकच लावतो: सगळे हसताहेत.

मग मूल घरी का सांगत नाही? आपलाच फोन जाईल, ही मोठी भीती असते. ‘तरी सांगत होते, आण तो इकडे’ हे आईचं पहिलं वाक्य असलं, की दुसऱ्या वेळी मूल तोंड उघडत नाही. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत सायबर जागृती महिन्याच्या उद्घाटनात अभिनेता अक्षय कुमार याने मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर आपल्या घरातली घटना सांगितली. त्याच्या १३ वर्षांच्या मुलीकडे ऑनलाइन गेम खेळताना अनोळखी माणसाने नग्न छायाचित्रं मागितली. तिने गेम बंद केला आणि थेट आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबर तास ठेवावा, अशी मागणी त्याने केली. ती रास्तच आहे. पण या घटनेत मुलीला वाचवलं ते आईला सांगता येईल या खात्रीने.

त्या तासात शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांपैकी ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांनाच माहीत होतं. इन्स्टाग्रामवरचं ‘रिस्ट्रिक्ट’ बटण तर मुद्दाम अशा प्रसंगांसाठीच २०१९ मध्ये आणलेलं: त्रास देणाऱ्याची कमेंट त्याला स्वतःला दिसते, इतरांना नाही, आणि आपल्याला रोखलंय हे त्याला कळवलंही जात नाही. उद्या त्याच्याच शेजारच्या बाकावर बसायचं असतं तेव्हा ब्लॉक करण्यापेक्षा हे सोपं पडतं.

प्रकरण गंभीर असेल, धमकी किंवा अश्लील छायाचित्रं असतील, तर काहीही डिलीट करण्याआधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मात्र समोरचाही तेरा वर्षांचाच असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाच्या वाटेने जातं. म्हणून वर्गशिक्षक आणि दोन्हीकडच्या पालकांनी ते आधी हाती घेतलेलं बरं. ग्रुपचा अ‍ॅडमिन असलेल्या मुलालाही उगाच धारेवर धरू नये. इतरांच्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याच्या हातात असलेली गोष्ट वेगळी आहे: तो स्टिकर सर्वांसाठी काढून टाकता येतो आणि ‘हे इथे नको’ असं लिहिता येतं. हे तीन शब्द लिहायला अ‍ॅडमिन असण्याचीही गरज नाही. शिवाय ज्याचा चेहरा वापरला, त्याला त्याच संध्याकाळी वेगळा मेसेज करता येतो: उद्या डबा माझ्यासोबत खा.