स्केल मॉडेलसाठी एअरब्रश निवडताना

एअरब्रश म्हणजे दाबाखालच्या हवेने रंगाचे तुषार उडवणारे, पेनासारखे हातात धरायचे अवजार. टोकाशी शंकूच्या आकाराचे इवलेसे नोझल असते आणि त्यात निमुळती सुई बसलेली असते. सुई मागे सरकली की नोझलचे तोंड उघडते. भोवतीने वेगाने जाणारी हवा रंग ओढून घेते आणि त्याचे तुषार करते. अशी रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आकाराला आली. छायाचित्रांवर हात फिरवणाऱ्या कलाकारांनी ती पहिल्यांदा उचलली. विमाने, रणगाडे, जहाजे यांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या टेबलावर ती बरीच नंतर आली.

प्रतिकृतीला एअरब्रश का लागतो, हे मापाच्या हिशेबातून कळते. खऱ्या लढाऊ विमानावर हिरवा आणि करडा रंग एकमेकांत मिसळण्याचा पट्टा सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असेल, तर १:७२ मापात तो जेमतेम १ मिलिमीटर उरतो. इतकी मऊ कड साध्या ब्रशने साधत नाही. शिवाय रंगाचा थर जाड झाला की पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेट बुजून जातात.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो नोझलच्या मापाचा, आणि घोळही इथेच होतो. ०.२ मिलिमीटर नोझल म्हणजे ०.२ मिलिमीटरची रेघ, असे नव्हे. रेघेची जाडी ठरते ती रंग किती पातळ केला आहे, हवेचा दाब किती आहे, टोक पृष्ठभागापासून किती दूर आहे आणि बोटाने सुई किती मागे ओढली आहे यावर. ०.२ चे नोझल नाजूक, महाग आणि लवकर तुंबणारे. धातूच्या चमकीचे रंग त्यात हमखास अडकतात. उलट ०.५ चे नोझल प्रायमर, वॉर्निश आणि मोठ्या जहाजांसाठी उत्तम, पण बारीक ठिपक्यांच्या कॅमुफ्लाजला ते जड जाते. म्हणून पहिल्या खरेदीला ०.३ किंवा ०.३५ हेच माप योग्य. जपानच्या जीएसआय क्रिओसचा पीएस-२८९ (०.३) आणि इवाताचा एक्लिप्स एचपी-सीएस (०.३५) याच गटातले. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकचा इव्होल्यूशन ०.२ आणि ०.४ अशा दोन्ही नोझलांसह मिळतो. हात बसल्यावर त्याचा खरा फायदा कळतो.

ट्रिगर दोन प्रकारचे. सिंगल ॲक्शनमध्ये दाबले की हवा आणि रंग एकदमच सुटतात. रंगाचे प्रमाण आधीच स्क्रू फिरवून ठरवावे लागते. डबल ॲक्शनमध्ये खाली दाबल्यावर हवा येते, मागे ओढल्यावर रंग. सवय लागायला थोडा वेळ जातो, पण काम याच प्रकारात खुलते. क्रम मात्र चुकवायचा नाही: आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. थांबताना हवा आधी बंद केली की टोकाशी थेंब साचतो आणि पुढच्या फवाऱ्यात तो नेमका पंखावर उडतो.

रंगाचा कप वर असलेला बरा. रंग आपल्या वजनाने उतरतो, कमी दाबावर काम होते आणि चार थेंबही वाया जात नाहीत. खाली बाटली लावायची सोय एकच रंग भरपूर मारणाऱ्यांसाठी.

खर्च करायचा तो कॉम्प्रेसरवर. टाकी नसलेल्या स्वस्त कॉम्प्रेसरची हवा धक्क्याधक्क्याने येते आणि ते धक्के रंगात उमटतात. पिस्टनचा, सुमारे ३ लिटर टाकीचा, रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर असलेला कॉम्प्रेसर घरच्या कामाला पुरतो. बहुतेक काम १५ ते २० पीएसआयवर होते, बारीक काम त्याहून कमी दाबावर. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फिल्टर नसेल तर नळीतले पाणी रंगासोबत मॉडेलवर उडते. दमट हवेत लॅकर रंग पांढुरके पडतात ते वेगळेच. पेणच्या गणपती कारखान्यांतही कॉम्प्रेसरवर रंग मारतात, पण तिथे पृष्ठभाग मोठा आणि रंग भरपूर. तिथली रंगाची गन पाहून मॉडेलसाठी अवजार निवडू नये.

रंग दुधाइतका पातळ हवा. पाण्यावर आधारलेले ॲक्रिलिक सुईच्या टोकावर वाळतात, ते अधूनमधून पुसावे लागतात. लॅकर वापरायचे असेल तर आतले वॉशर रबराचे नाहीत ना, हे विचारून घ्यावे. लॅकर थिनरमध्ये रबर फुगते. फवारताना खिडकी उघडी आणि तोंडावर सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क हवा, साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही.

घेताना सुईचे टोक उजेडात, भिंगाखाली पाहावे. वाकलेले टोक रंग एका बाजूला फेकते. मग कपात पाणी घालून ट्रिगर दाबावा. पाण्यात बुडबुडे आले तर नोझल नीट बसलेले नाही किंवा त्याला चीर गेली आहे. नळीचा आटा बहुधा १/८ इंची असतो, पण बॅजर आणि पाशे या अमेरिकी कंपन्यांचे आटे निराळे, त्यांना ॲडॅप्टर लागतो. नोझल आणि सुई आज ना उद्या बदलावीच लागतात. त्यामुळे ज्याचे सुटे भाग इथे सहज मिळत नाहीत, तो एअरब्रश कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.