साच्याविना पत्र्याला आकार : कस लागतो तो पृष्ठभागाचा

लखनौ : शहराच्या पूर्वेकडील चिनहट परिसराची ओळख दुहेरी आहे. एकीकडे चकचकीत लेप दिलेली मातीची भांडी आणि दुसरीकडे देवा मार्गावरील औद्योगिक वसाहत. टाटा मोटर्सचा व्यावसायिक वाहनांचा कारखाना याच भागात आहे. कुंभार बोटांच्या हळुवार दाबाने मातीला आकार देतो, तर वाहन उद्योगात अवजड साच्यांमध्ये पत्रा दाबला जातो. या दोन्हींच्या मधली एक पद्धत म्हणजे ‘इन्क्रिमेंटल शीट फॉर्मिंग’, अर्थात पत्र्याला टप्प्याटप्प्याने आकार देणे.

या पद्धतीत पत्र्याच्या कडा चौकटीत घट्ट आवळल्या जातात. सीएनसी यंत्रावरील गोल टोकाचे हत्यार पत्र्यावर दाब देत एक फेरी पूर्ण करते, किंचित खाली उतरते आणि पुढची फेरी घेते. अमेरिकेत एडवर्ड लेझॅक यांना या कल्पनेचे पेटंट १९६७ मध्ये मिळाले. मात्र ती व्यवहारात आली ती संगणकीय नियंत्रणामुळे. मोजक्या नगांसाठी महागडा साचा बनवणे लघुउद्योजकाला परवडत नाही. वाहनाचा नमुना भाग किंवा रुग्णाच्या कवटीच्या मापाची धातूची पट्टी अशा कामांत ही पद्धत उपयुक्त ठरते. तथापि, पृष्ठभाग खडबडीत राहिल्यास साच्यावर वाचलेला पैसा घासकाम आणि पॉलिशमध्ये खर्ची पडतो.

खडबडीतपणा का येतो?

चाकावरच्या भांड्यावर बोटांची वलये उमटावीत, तशा हत्याराच्या दोन फेऱ्यांमध्ये बारीक वरंब्या राहतात. तांब्याच्या भांड्यावरचे मठारकाम शोभा वाढवते. येथे मात्र ठसा हा दोष ठरतो. वरंबीची उंची भूमितीने ठरते. १० मिलिमीटर व्यासाचे हत्यार, ४५ अंशांचा उतार आणि प्रत्येक फेरीला १ मिलिमीटरची उतरण असेल, तर ही उंची सुमारे ५० मायक्रॉन भरते. उतरण निम्मी केल्यास ती सुमारे १२.५ मायक्रॉनवर, म्हणजे एक चतुर्थांशावर येते. पण फेऱ्या आणि वेळ दुप्पट होतात. हत्याराचा व्यास दुप्पट केल्यास उंची निम्मी होते. परंतु मोठ्या हत्याराला अधिक बल लागते आणि अरुंद कोपरे साधत नाहीत.

घर्षणाचा प्रश्न वेगळा आहे. वंगण अपुरे असेल, तर ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू हत्याराला चिकटतो आणि ओरखडे पडतात. हत्याराचा स्पर्श नसलेल्या बाजूवर, पत्रा ताणला गेल्यामुळे, संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसू शकतो.

सुवर्णमध्य कसा साधावा?

उतरण, व्यास, हत्याराच्या फिरण्याचा वेग आणि वंगण या चार घटकांचे प्रत्येकी तीन पर्याय घेतल्यास ८१ प्रयोग करावे लागतात. जपानी अभियंते गेनिची तागुची यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने निवडक ९ प्रयोगांतही प्रत्येक घटकाचा प्रभाव अजमावता येतो. मात्र घटकांचा एकमेकांवरील परिणाम त्यातून पूर्णपणे उलगडत नाही. म्हणून निवडलेल्या मापांची अखेरची चाचणी आवश्यक असते.

वेळ वाचवण्याचा आणखी एक मार्ग उताराच्या विचारातून निघतो. उतरण समान ठेवल्यास ३० अंशांच्या सपाटसर भागावरील वरंबी ६० अंशांच्या भागापेक्षा सुमारे तिप्पट उंच असते. त्यामुळे संपूर्ण भागावर बारीक फेऱ्या घेण्याऐवजी केवळ सपाटसर भागावर त्या घेणे श्रेयस्कर ठरते. तीव्र उतारावर चिंता वेगळीच असते. तेथे पत्रा पातळ होतो. ६० अंशांवर १ मिलिमीटरचा पत्रा जवळपास अर्धा मिलिमीटरच उरतो.

लखनौशेजारच्या कानपूर आयआयटीतील संशोधकांनी अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठासह पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी हत्यार चालवण्याच्या पद्धतीवर काम केले आहे. दुसरे हत्यार समोरून आधार देत असल्याने आकारातील अचूकता सुधारते. सीएनसी यंत्र असलेल्या लहान कारखान्यासाठी मात्र पहिला धडा साधा आहे : कोणती बाजू दर्शनी आणि किती खडबडीतपणा चालेल, हे आधी ठरवावे, उतरण, व्यास आणि वंगण त्यानंतर.