हलका डबल क्रँक: सायकल मिस्तरींनी आधी काय मोजावे?

अमरावती, अकोला, अचलपूर, अकोट, बाळापूर या गावांत सायकल दुरुस्तीवर घर चालविणारी अनेक कुटुंबे आपल्या समाजात आहेत. वडिलांकडून मुलाकडे आलेला हा हुन्नर आहे. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, रिमचा आऊट काढणे, कॉटर पिन बदलणे ही कामे डोळे मिटून करणाऱ्या या मिस्तरींच्या दुकानापुढे गेल्या काही वर्षांत गिअरच्या सायकली उभ्या राहू लागल्या आहेत. डॉक्टर, प्राध्यापक, कॉलेजचे विद्यार्थी पहाटे सायकली काढतात, सुटीच्या दिवशी अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याचा घाट चढतात. अकोल्याकडची मंडळी अकोट ओलांडून नरनाळ्याच्या पायथ्याला, शहानूरपर्यंत जातात. घाटात दम निघाला की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुकानात येते, मोबाईलवर चित्र दाखविते आणि म्हणते, "मिस्तरी, हा हलका डबल क्रँक बसवून द्या."

येथे मिस्तरीचे दोन प्रकारे नुकसान होते. "हे आपल्याकडे होत नाही," असे सांगितले तर गिऱ्हाईक मोठ्या शोरूमकडे जाते आणि मग पंक्चरलाही परत येत नाही. चित्र पाहून माल मागविला आणि तो बसला नाही, तर काही हजारांचा सामान अंगावर पडतो, वर नाव खराब होते ते वेगळेच. म्हणून या मालाची निवड कशी करावी ते आम्ही येथे थोडे विस्ताराने सांगत आहोत. जो मिस्तरी कॉटर पिन घासून दोन्ही क्रँक एका रेषेत बसवू शकतो, त्याला यातले काहीही अवघड नाही.

डबल म्हणजे पुढे दोन चेनव्हील. पूर्वी डोंगरी सायकलीला पुढे तीन चेनव्हील असत, साधारण ४२, ३४ आणि २४ दात्यांची. आपल्याकडील स्वस्त गिअर सायकलींना आजही तीच दिसतात. २००९ मध्ये अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने शर्यतीच्या डोंगरी सायकलींसाठी पुढे दोन व मागे दहा चक्रांचा सेट आणला, पाठोपाठ जपानच्या शिमानोनेही तसाच सेट काढला आणि तिसरे चेनव्हील हळूहळू मागे पडले. कारण साधे आहे. तीन चेनव्हीलमधील बरेच गिअर एकमेकांसारखेच असतात. तेच काम दोन चेनव्हीलमध्ये होते आणि लोखंड कमी लागते. डोंगरी सायकलीच्या डबलमध्ये ३६ आणि २२ दात्यांची जोडी पुष्कळ चालते.

आता मुख्य गोष्ट. गिऱ्हाईक 'हलका' म्हणते तेव्हा त्याला बहुधा वजन नको असते, घाटात पाय हलका हवा असतो. पाय हलका होतो तो दात्यांनी. पुढचे दाते भागिले मागचे दाते आणि गुणिले चाकाचा घेर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते निघते. आपल्या साध्या २८ इंची सायकलीला पुढे ४४ व मागे १८ दाते असतात. ती एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाट रस्त्याला हे ठीक, घाटात माणूस खाली उतरून ढकलतो.

गिअरची २९ इंची सायकल घ्या. तिचा घेर सुमारे २.२८ मीटर भरतो. पुढे २४ व मागे मोठ्यात मोठे चक्र २८ दात्यांचे असेल, तर सर्वांत हलक्या गिअरला ती एका फेऱ्यात १.९५ मीटर जाते. गिऱ्हाईक सांगते तसा २२ दात्यांचा डबल क्रँक बसविला आणि मागचे तसेच ठेवले, तर १.७९ मीटर. क्रँकला हात न लावता मागची फ्रीव्हील बदलून १४ ते ३४ दात्यांची बसविली, तर १.६१ मीटर. दोन्ही बदलले तर १.४८ मीटर, म्हणजे मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला सुमारे ५.३ किलोमीटर, माणसाच्या चालीइतके. घाटाला हे उत्तम.

यातून काय दिसते? क्रँकला हजारो रुपये जातात. सात चक्रांची फ्रीव्हील काही शेकड्यांत येते आणि एकटीच जास्त फायदा देते. म्हणून गिऱ्हाईक क्रँक मागो की काही मागो, मिस्तरीने आधी वाकून मागचे दाते मोजावेत. मागे २८ असतील तर फ्रीव्हीलचा सल्ला प्रथम द्यावा. आज हजाराच्या आतले काम होईल, पण ते गिऱ्हाईक पुढची दहा वर्षे तुमचे राहील. मात्र सायकलीला चुडीची फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे पाहूनच माल आणावा. कॅसेटमध्ये दाते बसविलेला हब वेगळा असतो, त्यावर फ्रीव्हील चढत नाही.

वजनाचेही बोलू. स्वार ७० किलो, सायकल १५ किलो, मिळून ८५ किलो. जुना लोखंडी तिहेरी क्रँक काढून चांगला ॲल्युमिनियमचा डबल बसविला आणि त्यात अर्धा किलो वाचले असे धरा. हे एकूण ओझ्याच्या एक टक्काही नाही, सुमारे ०.६ टक्का आहे. दीड तासाच्या घाटात अर्ध्या मिनिटाचा फरक. शर्यतीत उतरणाऱ्याला हे अर्धे मिनिट मोलाचे आहे, ते त्याने जरूर विकत घ्यावे. हौशी माणसाला मात्र हा हिशेब कागदावर करून दाखवावा आणि मग निर्णय त्याच्यावर सोडावा. कार्बनचा क्रँक तर आम्ही आपल्याकडे सुचविणारच नाही. दगडावर आपटून तडा गेला तर दुरुस्ती नाही.

एवढे होऊनही डबल क्रँकच बसवायचा ठरला, तर पुढचा प्रश्न तो बसेल का हा. चूक होते ती बहुधा येथेच.

फ्रेमच्या खालच्या नळीत, ज्याला आपण बीबी म्हणतो, तेथे व्हर्निअर लावून रुंदी मोजावी. डोंगरी सायकलीत ती सहसा ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते. चुडी बहुतेक आपल्या ओळखीचीच असते: उजवी वाटी उलट्या चुडीची, डावी सरळ. काही महागड्या फ्रेमला चुडीच नसते, बेअरिंग दाबून बसवितात. तेथे तो माल वेगळा मागवावा लागतो.

मग ॲक्सल पाहावा. स्वस्त व मध्यम सायकलींना चौकोनी टोकाचा ॲक्सल असतो आणि त्यात अनेक लांब्या येतात: ११०, ११३, ११८, १२२.५ मिलिमीटर. तिहेरी क्रँकचा लांब ॲक्सल तसाच ठेवून डबल चढविला, की चेनव्हील बाहेर जातात, साखळी तिरपी चालते, आवाज करते आणि दाते खाते. आखूड घातला तर चेनव्हील फ्रेमच्या पाईपला घासते. कोणत्या क्रँकला किती लांबीचा ॲक्सल हे पाकिटावर किंवा कंपनीच्या तक्त्यात दिलेले असते. अंदाजाने घेऊ नये. नळीच्या मध्यापासून दोन चेनव्हीलच्या मधल्या जागेपर्यंत मोजले तर डबलला साधारण ४७ ते ५० मिलिमीटर अंतर यावे. फूटपट्टीनेही हे समजते.

दुसरा प्रकार पोकळ ॲक्सलचा. यात ॲक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो आणि बेअरिंगच्या वाट्या फ्रेमच्या बाहेर बसतात. शिमानोने २००३ पासून डोंगरी सायकलीत हा आणला. हलका आणि मजबूत, आणि काढायला क्रँक पुलरही लागत नाही. पण वाटीखालच्या रिंगा बरोबर घालाव्या लागतात. शिमानोच्या डोंगरी क्रँकला ७३ च्या नळीत उजवीकडे एक. ६८ च्या नळीत उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. पुढचा डिरेलर नळीतच दाबून बसणाऱ्या प्रकारचा असेल तर एक रिंग त्याच्या पट्टीच्या जागी कमी होते. डाव्या क्रँकची टोपी हातानेच, फक्त खेळ जाईल इतकी आवळावी. नंतर दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसावेत, १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत. आपला हात पाईप लावून आवळण्याचा. ॲल्युमिनियमची चुडी त्याने एका झटक्यात जाते. या कामाला टॉर्क पाना हवाच. दोन-तीन दुकानदारांनी मिळून एक घेतला तरी चालेल.

क्रँकबरोबर आणखी काय बदलावे लागेल ते गिऱ्हाईकाला आधी सांगावे, काम अर्धे झाल्यावर नव्हे. पुढचा डिरेलर तिहेरीचा असेल तर त्याची पट्टी मोठ्या चेनव्हीलच्या मापाची असते. ३६ च्या मानाने ती खाली सरकवून, पाईपला लागते का ते पाहावे. डावा शिफ्टर तीन टप्प्यांचा असतो. स्क्रूने तिसरा टप्पा बंद करता येतो आणि साध्या सायकलीला तेवढे पुरते, पण गिऱ्हाईक चोखंदळ असेल तर दोन टप्प्यांचा शिफ्टर वेगळा घ्यावा. मागच्या डिरेलरला किती ढिली साखळी ओढून धरता येते याचीही मर्यादा असते. हिशेब असा: पुढच्या मोठ्या-लहानातला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहानातला फरक. ४२-२४ आणि १४-२८ ला ३२ येतात. फ्रीव्हील ३४ ची केली की ३८. क्रँकही ३६-२२ चा केला की पुन्हा ३४. डिरेलरची मर्यादा आणि त्याला चालणारे मोठ्यात मोठे चक्र, दोन्ही पाहावेत. साखळीचेही तसेच आहे: सात-आठ चक्रांची साखळी बाहेरून सुमारे ७.१ मिलिमीटर रुंद, दहा चक्रांची सहाच्या आत. दहा चक्रांसाठी बनविलेल्या चेनव्हीलवर जाड साखळी अडखळू शकते. म्हणून सायकलीला मागे किती चक्रे आहेत हे सांगूनच क्रँक मागवावा.

वऱ्हाडच्या मातीचा विचार आम्हाला वजनापेक्षा मोठा वाटतो. पावसाळ्यात काळी माती साखळीत बसते, वाळते आणि कानशीसारखी दाते घासते. हलक्या ॲल्युमिनियमचे चेनव्हील यात लवकर झिजते. त्यातही २२ दात्यांच्या लहान चेनव्हीलवर घाटाचा सगळा भार येतो आणि दाते थोडे असल्याने प्रत्येक दात्याची पाळी पुन्हा पुन्हा येते. म्हणून लहान चेनव्हील पोलादाचे आणि मोठे ॲल्युमिनियमचे, असा क्रँक मिळाला तर तो निवडावा. दोन्ही चेनव्हील बोल्टने सुटणारी असावीत. रिव्हेट मारलेला सेट स्वस्त पडतो, पण एक चेनव्हील गेले की पूर्ण क्रँक टाकावा लागतो. साखळीची झीज मोजणे तर फुकटचे काम आहे. कोऱ्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. अर्धा सूत वाढल्या की साखळी बदलावी. पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबले तर चेनव्हील आणि फ्रीव्हीलही गेलेच.

क्रँकच्या लांबीकडे कोणी पाहत नाही. १७० आणि १७५ मिलिमीटर असे दोन माप सर्रास येतात. बुटक्या स्वाराला १७० चांगला. मुली व शाळकरी मुलांसाठी १६५ मिळाल्यास अधिक बरा.

मग डबल क्रँक खरोखर कोणाला विकावा? अमरावती ते परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर सपाट आणि पुढे चिखलदऱ्यापर्यंत सातशे मीटरच्या वर चढ. अकोल्याहून अकोटपर्यंत खारपाण पट्ट्याचा सरळ रस्ता आणि नंतर सातपुडा. असा दोन्ही रस्ता एका दिवसात करणाऱ्याला डबल शोभतो. ३६ वर सपाटी, २२ वर घाट. ३६ आणि मागे १४ ला एका फेऱ्यात ५.८६ मीटर पडतात, म्हणजे आपल्या साध्या सायकलीपेक्षा थोडे जास्तच. फक्त गावात फिरणाऱ्याला याची गरज नाही.

दुकानात साठा करून ठेवण्याचा हा माल नव्हे. स्रॅमने २०१२ मध्ये आणि नंतर इतरांनीही पुढे एकच चेनव्हील व मागे मोठी कॅसेट असा प्रकार काढला. नव्या महाग डोंगरी सायकली आता बहुतेक तशाच येतात. डबल बंद झालेला नाही, शिमानोच्या २०२३ च्या क्यूज मालिकेतही तो आहे, पण मापे इतकी आहेत की शेल्फवर ठेवलेला नेमका पुढच्या सायकलीला बसेल याचा भरवसा नाही. मोजमाप घ्यावे, कागदावर दाते, ॲक्सल, नळीची रुंदी, मागची चक्रे लिहावी, गिऱ्हाईकाची सही व आगाऊ रक्कम घ्यावी आणि मग मागवावे. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच.

जुना उतरविलेला क्रँक विकताना मात्र फार सांभाळावे. पायडलच्या भोकाची चुडी गेली आहे का, चौकोनी भोक ऐसपैस झाले आहे का, दाते शार्कच्या दातांसारखे वाकले आहेत का, हे घेणाऱ्याला दाखवून द्यावे. पॉलिश मारून दोष झाकू नये. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल पाहिल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला ती वर का ठेवली नाही असे विचारले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. चौकोनी भोक सैल झालेला क्रँक उतारावर निसटला तर माणसाचा जीव जाऊ शकतो. असा क्रँक भंगारातच द्यावा.

शेवटी बिलाबद्दल. सायकल व तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. होलसेलचे बिल घेताना दर तपासावा. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी गिऱ्हाईकाकडून कर म्हणून वेगळी रक्कम घेऊ नये. मालाची किंमत आणि मजुरी या दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात, म्हणजे मजुरी किती हे गिऱ्हाईकालाही दिसते आणि पुढच्या वेळी त्यावर घासाघीस कमी होते.