परसबागेतील गावरान भाजी : घरात रोप टाकण्याची रीत

परसातील भाजी ही बहुतेक घरी बायकांच्या देखरेखीची बाब समजली जाते व शेतीचा हिशेब मांडताना कर्ता पुरुष तिची गणना करीत नाही. तथापि ज्या घरी एकच वाण पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला आहे, त्या घरचे मूठभर बी ही एक ठेवच होय. बाजारातील संकरित बियाण्याची पुडी वाया गेली, तर नुकसान पैशांचे होते व दुसरी पुडी दुसऱ्या दिवशी मिळते. गावरान वाणाचे शेवटचे बी गेले, तर ते कोणत्याही दुकानी मिळत नाही. सबब अशा बियाण्याचे रोप थंडीच्या दिवसांत उघड्या वाफ्यात न टाकता प्रथम घरात, छपराखाली टाकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्हांस फुकट मिळालेले नाही.

आमचे घर निफाडच्या बाजूस. आमच्या मातोश्री एक हिरवे, पांढऱ्या रेघांचे, काटेरी वांगे लावीत असत. त्यांच्या पश्चात ते बी एका पुरचुंडीत आमच्याकडे आले. त्या वेळी आम्ही महसुली कचेरीत कारकून होतो. सुटी मिळाली म्हणून संक्रांत झाल्याबरोबर एका उबदार दुपारी सगळेच बी अंगणातील वाफ्यात टाकून मोकळे झालो. चार दिवसांनी थंडीची लाट आली. पंधरा दिवस वाफ्यात काही दिसेना, म्हणून आम्ही रोज पाणी वाढवीत गेलो. शेवटी जे थोडे कोंभ वर आले, तेही मातीलगत काळे पडून आडवे झाले. सुदैवाने आमच्या थोरल्या भगिनींनी सासरी चिमूटभर बी नेलेले होते. त्यांनी ४० बिया मोजून आमच्या हाती दिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापाशी एवढ्याच उरल्यात. ह्या खेपेला घाई करू नकोस."

बी का उगवले नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वांगी, मिरची व टोमॅटो यांच्या बियांस रुजण्यासाठी साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता मानवते. माती १५ अंशांच्या खाली गेली की बी जवळजवळ निपचित पडून राहते. आणि वरून पाणी घालीत गेल्यास ते जमिनीतच कुजते. आमच्या भागात पौष-माघात रात्रीचा पारा पुष्कळदा १० अंशांच्या खाली उतरतो. बरे, थंडी सरण्याची वाट पाहून फाल्गुनात बी टाकावे, तर रोप लावण्यास चैत्र उजाडतो, फुले वैशाखाच्या उन्हात सापडतात आणि गळून जातात. या दोन्ही अडचणींतून सुटण्याचा मार्ग म्हणजे घरातील ऊब.

वेळ.— मिरची, वांगी व टोमॅटो यांचे रोप संक्रांतीच्या सुमारास घरात टाकावे. ते पाच-सहा आठवड्यांत, म्हणजे महाशिवरात्रीच्या पुढेमागे, लावण्यास येते. दुधी, दोडका, काकडी यांस तीन आठवडे पुरतात. म्हणून त्यांचे बी माघात टाकावे.

परीक्षा.— जुने बी सगळे एकदम कधीही पेरू नये. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेस ठेवाव्यात व किती मोडतात ते पाहावे. सात-आठ मोडल्या तर बी उत्तम. चारच मोडल्या तर पेरणी दुप्पट करावी. मोड आलेल्या बिया टाकून न देता हलक्या हाताने कुंडीत लावाव्यात. काहीही झाले तरी निम्मे बी पुढील सालासाठी शिल्लक ठेवावे, हा नियम मोडू नये.

माती व भांडी.— पोयट्याची माती, पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत आणि रेती ही समभाग घ्यावीत. माती आधी आठ दिवस कडक उन्हात पसरून तापवावी. भांडे पसरट व चार बोटे खोल असावे. जुने घमेले, फुटक्या माठाचा तळ, काहीही चालते. मात्र बुडाशी भोके हवीतच. बियांस पेरण्यापूर्वी चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळल्यास रोप कोलमडण्याच्या रोगास पुष्कळ आळा बसतो.

पेरणी व ऊब.— बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. त्याहून खोल गेलेले बारीक बी वर येत नाही. दोन बियांत बोटभर अंतर ठेवावे. दाट पेरणी हे रोगास आमंत्रणच होय. भांड्यावर ओले गोणपाट घालून ते स्वयंपाकघरात चुलीमागील भिंतीशी, किंवा घरात जेथे रात्री ऊब राहते अशा ठिकाणी, ठेवावे. टोमॅटो सुमारे आठवड्यात, वांगी आठ-दहा दिवसांत व मिरची दहा-पंधरा दिवसांत उगवते. मिरचीच्या बाबतीत उतावीळ होऊन माती उकरून पाहू नये.

प्रकाश व पाणी.— पहिला कोंभ दिसताच गोणपाट त्याच दिवशी काढावे आणि भांडे पूर्वेच्या ओट्यावर किंवा खिडकीत आणावे. अंधारात राहिलेले रोप उंच, पिवळे व लुळे होते व पुढे कधीही सुधारत नाही. खिडकीतील रोप उजेडाकडे झुकते, म्हणून भांडे रोज फिरवावे. रात्री ते पुन्हा आत घ्यावे. पाणी सकाळी, कोमट करून, वरची माती सुकल्यावरच द्यावे. आमचे पहिले रोप थंडीने जितके मेले, तितकेच आमच्या पाण्यानेही मेले.

वेलांचे रोप.— वेलभाज्यांची मुळे दुखावलेली त्यांस सोसत नाहीत. त्यांचे बी रात्रभर भिजवून पळसाच्या पानांच्या द्रोणात एक-दोन असे लावावे व तीन-चार पाने फुटताच द्रोणासकट आळ्यात बसवावे. कारल्याचे कवच टणक असल्याने ते पूर्ण एक दिवस भिजवावे.

बाहेरची सवय.— घरात वाढलेले रोप एकदम उन्हात नेल्यास करपते. लावणीपूर्वी आठ दिवस पाणी कमी करावे; पहिल्या दिवशी तासभर कोवळे ऊन, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे वाढवीत न्यावे. लावणी सायंकाळी करावी व पहिले तीन-चार दिवस दुपारची सावली धरावी.

बी धरणे.— रोप जगले म्हणजे काम संपले नाही. संकरित वाणाचे धरलेले बी पुढील साली मूळ गुणाचे उतरत नाही; गावरानाचे उतरते, परंतु त्याची भेसळ होऊ दिली नाही तरच. टोमॅटोत परागाची भेसळ थोडी होते. वांगी व मिरचीत कीटकांमुळे अधिक, आणि वेलांत सर्वांत अधिक. सबब एका परसात एका भाजीचा एकच वाण लावावा. उत्तम झाडावरील दोन-तीन फळे प्रथमपासूनच खूण बांधून पूर्ण पिकेपर्यंत राखावीत. प्रत्येक भांड्यावर व प्रत्येक पुरचुंडीवर वाणाचे नाव, साल आणि बी कोणाकडून आले ते लिहावे. नोंद नसलेले बी हे उताऱ्यावर नाव नसलेल्या जमिनीसारखे असते. आज ना उद्या वाद उत्पन्न होतोच.

येथे कायद्याचीही एक गोष्ट सांगणे जरूर आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याच्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापाच्या नावाने विकता येत नाही. तेव्हा शेजाऱ्यास बी देताना कोणी मनात भीती धरू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा संग्रह करून ते घरोघर पोचविले. २०२० साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री जाहीर केली. बी वाटल्याने राहते, हेच त्यांच्या कार्याचे सार होय.

आमच्या ४० बियांपैकी २० आम्ही वरील रीतीने टाकल्या. १६ उगवल्या व १३ रोपे परसात लागली. त्या साली आम्ही पहिली पुरचुंडी भगिनींकडे परत पाठविली, व तेव्हापासून ते बी तीन घरांहून कमी ठिकाणी कधी राहू दिलेले नाही. वाचकांनीही आपल्या घरातील पुरचुंड्या यंदा सोडून पाहाव्यात. जे बी फक्त आपल्याच घरी उरले आहे, ते संक्रांतीपूर्वी आणखी दोन घरी पोचते करावे, आणि मग आपले रोप टाकावे.