जुन्या चांदीचे मोल

जबलपूरच्या सराफ्यात जुन्या चांदीच्या दागिन्याला दोन किमती असतात. एक तराजूवर ठरते. तीत घडणावळ सहसा धरली जात नाही. दुसरी संग्राहकाच्या मनात असते. या दोहोंच्या मध्ये सोनाराची मूस उभी आहे, आणि मुशीत उतरलेला दागिना पुन्हा हाती येत नाही.

जबलपूर-मंडल्याकडील गोंड आणि शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांची चांदी ही केवळ हौस नव्हती. गळ्यातील हसली, कमरेची करधनी, पायांतील तोडे ही त्यांची अंगावर वागविलेली पुंजी. पाऊस हुकला की ती गहाण पडे. पीक साधले की सुटून येई. सुबत्तेच्या दिवसांत आजीचे तोडे आटवून नातीचे पैंजण घडत. म्हणूनच चांदी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, पण घडण टिकली नाही.

मग हाती आलेल्या दागिन्याचे वय ओळखावे कसे? मेक्सिकोतील ताश्को गावची चांदी जमविणाऱ्यांचे काम या बाबतीत सोपे आहे. तेथील पुष्कळ दागिन्यांवर कारागिराची खूण असते, शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी असल्याचा ९२५ हा आकडा असतो, आणि १९४८ नंतरच्या अनेक नगांवर गरुडाची सरकारी मुद्राही आढळते. आपल्या खेड्यातील सोनाराने बहुधा नाव कोरले नाही. तेथे साक्ष द्यावी लागते ती झिजेने. अंगाशी घासणारी कड गुळगुळीत झालेली असते, आणि नक्षी खोलगट जागी तेवढी शाबूत राहते. रुपयांच्या माळेत मात्र सालच वाचता येते. माळ तिच्यातील सर्वांत अलीकडच्या नाण्याहून जुनी असूच शकत नाही. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० मध्ये ती निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला.

काळवंडलेला दागिना घासून लखलखीत करण्याचा मोह मात्र आवरावा. हवेतील गंधकाच्या संयोगाने चढलेला तो थर खोलगट नक्षीला उठाव देतो. जोराने घासल्यास थराबरोबर नक्षीही झिजते.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की दागिना घेताना तो कोणत्या गावचा, कोणत्या अवयवावर आणि कोणत्या प्रसंगी घातला जाई, हे विचारून टिपून ठेवावे. एवढी टिपणी नसेल, तर मुशीतून वाचलेला दागिनाही मुकाच राहतो.