डबा गरम, डोकं गरम!

दुपारचा दीड. पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हसमोर ही लाइन! माझ्या हातात ड्रायफ्रूटची रिकामी बरणी, आत आईने भरून दिलेली मटकीची उसळ, वर बोटभर तर्री. दोन मिनिटं आणि टिंग! दार उघडलं तर बरणी चक्क कमरेत वाकलेली. मागच्या मैत्रिणीचा डबा मात्र ठणठणीत. दोन्ही प्लॅस्टिकचेच ना?

मेख इथेच आहे. तुमचाही डबा उलटा करून बघा. तळाला बहुतेक वेळा त्रिकोणात एक आकडा असतो. माझ्या बरणीवर १ होता, म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. हे वितळतं २५० अंशांच्या आसपास, पण मऊ पडतं ७० लाच! मैत्रिणीच्या डब्यावर ५, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते १६० च्या पुढेमागे वितळतं, तरी उकळत्या आमटीत आकार सोडत नाही. थोडक्यात, वितळण्याचा आकडा बघून फसू नका, मऊ कधी पडतं ते विचारा. (६ आकडा दिसला, म्हणजे पॉलिस्टायरिन, तर मायक्रोवेव्हचा विचारच नको.)

त्यात आपली तर्री! पाणी १०० अंशांना उकळून वाफ होतं, तेल मात्र पुढेही तापत जातं. म्हणून चांगल्या डब्यालाही नेमकं तेलाच्या रेषेवर ते लाल, खरखरीत कडं पडतं. घासून घासून हात दुखले तरी जात नाही.

कुकरचा दांडा का वितळत नाही? तो बेकेलाइटच्या जातीचा. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे. एकदा घट्ट झालं की झालं, फार तापलं तर थेट करपतं. मेलामाइनच्या प्लेट्स याच कुळातल्या, पण मायक्रोवेव्हमध्ये त्या अजिबात नकोत.

आणि ‘मायक्रोवेव्ह सेफ’चा शिक्का? त्याचा अर्थ मुख्यतः डबा टिकेल एवढाच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळांच्या खाण्याचे डबे तीन मिनिटं तापवले. काहींमधून दर चौरस सेंटीमीटरला ४० लाखांहून जास्त मायक्रोप्लास्टिकचे कण सुटले. तपासलेल्या डब्यांत पॉलिप्रॉपिलीनचेही होते, बरं का!

मी आता स्टीलचा डबा नेते आणि गरम करायला ड्रॉवरमध्ये काचेचा बाऊल ठेवलाय. बरणीचं काय झालं, ते आईला अजून सांगितलेलं नाही.