पावसाळा वगळून

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या सड्यावर एप्रिलमध्ये उभे राहिले, तर नजर पोचेल तिथवर काळवंडलेला जांभा, करपलेले गवत आणि मधूनच एखादे खुरटे झुडूप एवढेच दिसते. सात-बारावर अशा जमिनीचा बराच भाग ‘पोटखराबा’ म्हणून लावलेला असतो. सपाट, मोकळी, समुद्राचा वारा घेणारी आणि झाड तोडायची वेळ न आणणारी. बंगल्यांच्या वसाहतीला याहून सोयीची जागा कोणती? त्या महिन्यात कोणी वन्यजीवांची पाहणी केली, तर ‘उल्लेखनीय काही आढळले नाही’ असे तो लिहील, आणि ते खोटेही नसेल.

मृगाचे दोन-चार पाऊस पडले की तोच सडा ओळखू येत नाही. कातळाच्या खळग्यांत साठलेल्या बोटभर मातीतून दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. ही कंदवर्गीय वनस्पती कोकणातली प्रदेशनिष्ठ; तिचा फुलोरा जून-जुलैपुरता. पाठोपाठ गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू उगवतात. यांतल्या शेवटच्या दोघी कीटक खातात, कारण या मातीत पोषणच नाही. डबक्यांत बेडूक अंडी घालतात. सुट्या दगडांखाली ओल धरली की देवगांडूळ वर येते. गांडुळासारखा दिसणारा हा प्राणी बेडकाचा नातलग, म्हणजे उभयचर. त्याची एक नवी जात 2003 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावातून विज्ञानाला कळली. हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत हे सारे पुन्हा कंदांत, बियांत आणि जमिनीखाली गेलेले असेल.

आता नियमांकडे वळू. केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत 20,000 चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाला पूर्वमंजुरी लागते. 1,50,000 चौरस मीटर बांधकाम किंवा 50 हेक्टर क्षेत्र झाले की प्रकल्प वरच्या गटात जातो. त्याखालच्या वसाहतींना ही चाळणीच नाही. चाळीस हेक्टरांचे भूखंड पाडून विकले आणि बंगले ज्याने-त्याने बांधले, तर सडा संपतो; पण कागदावर मोठा प्रकल्प कुठेच उभा राहत नाही. शिवाय गृहबांधणीच्या या गटांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे त्या कातळावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्याला विचारण्याचा प्रसंगच येत नाही.

जिथे चाळणी आहे, तिथेही पाहणी कोणत्या महिन्यात झाली हा प्रश्न उरतो. आपल्याकडे अशा अभ्यासांत एका ऋतूची माहिती घेण्याचा प्रघात आहे, आणि तो ऋतू बहुधा पावसाळा वगळून. खाणींसाठीच्या प्रमाणित अटींत तर तसे स्पष्टच म्हटलेले असून त्यांत हवा, पाणी, आवाज यांच्या रांगेतच वनस्पती आणि प्राणी येतात. यामागे तर्क आहे. पावसात धूळ बसते, म्हणून हवेचे खरे प्रदूषण मोजायचे तर कोरडा काळच हवा. पण धुळीसाठी योग्य ठरलेला हा नियम दीपकाडीला लावला की तो उलटतो. धूळ उन्हाळ्यात दिसते, सडा पावसाळ्यात.

इंग्लंडमध्ये तुरेवाल्या न्यूट या उभयचराची पाहणी मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच करावी, असा दंडक आहे. तो प्राणी तेव्हाच तळ्यात उतरतो. हंगाम हुकला तर घरे बांधणाऱ्याला पुढच्या वसंताची वाट पाहावी लागू शकते. आपल्याकडे हाच न्याय लावायचा तर सड्यावरची पाहणी जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालायला हवी. दर पंधरवड्याला फेरी, ठरावीक चौकटींत वनस्पतींची मोजणी, रात्री विजेरी घेऊन बेडकांच्या आवाजांची नोंद, दगड उचलून खाली पाहणे आणि तो होता तसाच परत ठेवणे. त्याआधी जुन्या वनस्पतिसंग्रहांतल्या नोंदी आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ठेवायची नोंदवही पाहायची. पाणी कुठल्या खळग्यात शेवटपर्यंत टिकते, हे गुराख्याइतके कोणाला ठाऊक असणार?

जे सापडेल त्याचे काय करायचे, यालाही क्रम आहे. आधी टाळावे, टाळता येत नसेल तर हानी कमी करावी, मग पूर्ववत करावे, भरपाई सगळ्यांत शेवटी. प्रत्यक्षात आपण शेवटाकडून सुरुवात करतो आणि भरपाई म्हणून झाडे लावतो. सड्यावर हा उपाय म्हणजे दुसरा घाव. बाहेरची माती आणून हिरवळ आणि गुलमोहर लावले की उघड्या कातळावर, उथळ मातीवर आणि भरपूर उन्हावर जगणारे सारे त्याखाली गाडले जाते. कंद उपटून दुसरीकडे लावता येतील. पण ज्या खळग्यात ते वाढले तो कातळाचा खळगा, त्यातली पाण्याची पातळी, तो उतार कसा हलवणार?

घरे लागणारच, आणि सगळे सडे मोकळे राहणार नाहीत. खळग्यांचा, डबक्यांचा पट्टा सोडून घरे शेजारच्या कोरड्या उंचवट्यावर सरकवणे बहुतेक आराखड्यांत जमू शकते. मात्र तो पट्टा कुठून कुठे आहे हे एप्रिलमध्ये दिसत नाही. त्यासाठी एक पावसाळा थांबावे लागते. हजारो वर्षे घेऊन जांभ्यावर साठलेल्या त्या बोटभर मातीच्या मानाने चार महिने फार नाहीत.